नागपूर आल्यावर डबा

विमानात उपाशी राहिलेला माणूस पाहिला काय कधी? मीच तो.

पोरगी जळगावला दिली तेव्हापासून बायकोचं एकच, "इतक्या दूर काऊन देली?" गाडीनं अख्खी रात्र जाते. यंदा आमच्या गोंदियाहून जळगावला विमान सुरू झालं. तरी तिनं पुरी-भाजीचा डबा टॉवेलात गुंडाळून घेतलाच. नियमही गाडीतलाच: नागपूर आल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

विमानात मी डब्याला हात लावला की हातावर फटका. "नागपूर येऊ द्या ना!"

शेवटी तिनं हवाईसुंदरीला विचारलं, "बाई, नागपूर कवा येते?"

"मावशी, ते केव्हाच गेलं. पट्टा बांधा, जळगाव आलं."

घरी लेकीनं डबा उघडला. "आई, भाजी अजून गरम आहे!"

बायकोनं डब्याला हात लावून पाहिला, मग माझ्याकडं वळली. "इतकीबी दूर नाही देली तुमी."