फायनलमधी दाजींचा घोडा

क्रिकेटचं रडगाणं मला नका सांगू बे. धारूरात नवंनवं केबल आलतं तवाची गोष्ट. मी मित्राच्या घरी पुरुषांच्या टेबल टेनिसची फायनल बघत होतो. जपानात चालल्याली, शेवटचा गेम, वीस-वीस बरोबरी; तवा एकवीसला गेम व्हायचा. अन् पडद्यावर एकदम कुणाच्या तरी लग्नाची वरात!

कुणाची ते बघायलाबी थांबलो न्हाई. सरळ जाऊन केबलवाल्याची कॉलर धरली, "मॅच कावून काढली बे?"

"तुझ्याच बापानं सांगितलं. जावई आलेत, पोरीच्या लग्नाची कॅसेट लाव म्हणले."

तणतणत घरी गेलो. दाजी टीव्हीपुढं लोडाला टेकून बसलेले. मी तोंड उघडायच्या आत बाप म्हणला, "बरा आलास. पळ, केबलवाल्याला सांग, जावईबापूंना घोड्यावरचं पुन्यांदा बघायचंय."

जावयापुढं काय बोलता? गेलो बे! ज्याची कॉलर धरलती, त्याच्याच पुढं हात जोडले.