तारीख नसलेला राजीनामा

हॅलो?… हां, बोल निशी, पण हळू. आत्ता कुठं डोळा लागलाय हिचा. एक हात झोळीच्या दोरीवर आहे माझा. हात थांबला की बाईसाहेब जाग्या.

… जेवले. म्हणजे ताटावर बसले होते. तुझं काय? या वेळेला तुझा दुसऱ्या वर्षाचा तास असतो ना?

… सोडलास? का?

… कुठलं पाकीट?

… अगं, ते… ते एस्तेर मॅडमच्या टेबलावर ठेवायला सांगितलं होतं मी उदयला. तू कशाला उघडलंस?… मॅडमनी उघडलं. मग बरोबर आहे. त्यांनीच उघडायचं होतं. विभागप्रमुखांच्या सहीनंच पुढं जातं ते. सरळ ऑफिसात देता आलं असतं तर तिथंच दिलं असतं.

… हो. राजीनामाच आहे.

… निशी, ओरडू नको. … नाही ओरडत? मग झोळीपर्यंत आवाज कसा येतोय तुझा?

… आधी तुला सांगितलं असतं तर तू लिहू दिलं असतंस का? म्हणून नाही सांगितलं.

… नाही, उदयला माहीत नाही. रजेचे कागद आहेत म्हणून दिलं. तो बिचारा गाडी सुरू करता करता खिशात घालून गेला. आईंना पण नाही सांगितलं. … कोण विचारतंय? मगदूम सर? 'घरात चर्चा झाली का' म्हणून? या राज्यशास्त्रवाल्यांना कुठंही बघितलं तरी सभागृहच दिसतं. सांग त्यांना, चर्चा नाही, वटहुकूम काढला म्हणावं. … हसले? हसू देत.

… म्हणजे सगळे खोलीतच आहात. हो बाई, जाणार तरी कुठं. एवढं मोठं मिशनचं विद्यापीठ, आणि आपल्या दोन विभागांना मिळून एकच खोली. पंखा इतिहासाकडं, खिडकी राज्यशास्त्राकडं, मध्ये कपाटं.

… काय? लाल पेन?

… नाही, निशी. खरं सांग. राजीनाम्यावर?

… अगं, सवयच आहे ती मॅडमची. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले होते, तेव्हा तिथल्या तिथं पेन काढून मुहूर्ताच्या वेळेपुढं 'आधार?' असं लिहून परत दिली होती. सासऱ्यांनी अजून जपून ठेवलीय ती.

… वाच. … नको वाचू. … बरं, वाच.

… 'कौटुंबिक जबाबदारीमुळे' खाली रेघ. हं. 'कोणती? कोणाची? केव्हापासून?' … पुढं.

… 'अध्यापनाची क्षमता राहिली नाही असे वाटते.' हो, लिहिलंय मी तसं. … 'वाटते, हे मत झाले. पुरावा?' … हं.

… काय नाही? … शक्य नाही. उजव्या कोपऱ्यात बघ. … डाव्या बघ. … खाली सहीजवळ? … मी? मी तारीख घालायला विसरले? निशी, आठ वर्षं मी पोरांचे मार्क कापलेत तारखेपायी.

… दहापैकी किती? … साडेतीन. तो अर्धा कशाचा? … अक्षराचा.

… हसू नको. मलाही हसवू नको, दोरी हलतीय.

… मग गेलं का ते पुढं? … अजून नाही. चारच्या डाकेला. शिपाई बाळासोमामांनी एकदा डाक उचलून ऑफिसात नेली आणि आवक नंबर पडला की मिटलं. मग परत घेता येत नाही. … तेच तर पाहिजे मला. एकदाचं मिटू दे.

… मॅडम काय म्हणतात? 'अपुरा कागद मी सही करून पुढं पाठवत नाही.' आणि सर? … 'राजीनामा हा तिचा हक्क आहे, अडवणारे आपण कोण?' … आणि हे कधीपासून चाललंय? … सकाळच्या उपासनेपासून? देवाच्या दारात पण?

… सव्वीस वर्षं एका खोलीत बसून एक दिवस एकमत झालेलं नाही त्यांचं. सुट्टीच्या दिवशी काय करत असतील गं दोघं? करमतं तरी कसं?

… हो, आज उपासनेत बायबलचा उतारा वाचायची पाळी सरांचीच होती. मग? … अडखळले? मगदूम सर? अख्ख्या मिशनमध्ये त्या जैन माणसाइतका खणखणीत उतारा कुणी वाचत नाही, बिशपसाहेबसुद्धा म्हणाले होते. … मधेच थांबले आणि पान सापडेना झालं? … माझ्यामुळं कशाला असेल. चष्मा विसरले असतील.

… होता डोळ्यावर? … बरं.

… खरं कारण? लिहिलंय की. … हो, 'हे दुय्यम साधन आहे, मूळ साधनाकडं जा.' ऐकू आलं मला, मॅडमचा आवाज तासाच्या घंटेलाही हरवतो. … म्हणजे फोन त्यांनीच करायला लावला तुला. वाटलंच.

… आई? छे गं. आईंचं काहीच नाही यात. गेल्या सोमवारी मी रजेनंतर पहिल्या दिवशी यायला निघाले तर त्यांनी पहाटे उठून डबा केला, आणि 'लेकरू मी बघती, तू मागं वळून बघू नको' म्हणून दार लावून घेतलं. मी रडेन म्हणून.

… उदय पण नाही. तो तर जोतिबाला जाऊन नारळ फोडून आला, बायको परत कामावर चाललीय म्हणून.

… नाही, हीपण नाही. बाटली तोंडात धरत नाही, पण आईंच्या हातनं वाटी-चमच्यानं गुमान पिते. सात महिन्यांची आहे आणि आत्ताच माझ्यापेक्षा शहाणी आहे.

… मग काय. मग काही नाही.

… सोड ना, निशी.

… सांगते. पण हसायचं नाही. आणि कपाटाच्या पलीकडं जायला नको हे. … बरं.

त्या सोमवारी तिसऱ्या वर्षाला पन्हाळ्याचा वेढा शिकवत होते. माझा हातखंडा. झोपेत उठवलं तरी शिकवीन असा. चांगलं चाललं होतं गं, पोरं बघत होती, मलाच माझं बरं वाटत होतं. आणि खाली फी भरायला कुणीतरी लेकरू घेऊन आलं होतं. ते रडलं. … हो, माझं नव्हे, कुणाचं तरी. पण अंगाला काय कळतंय. … अगं, पान्हा फुटला. उभ्या जागी. मोतिया रंगाची साडी होती, तुझ्या बहिणीच्या लग्नातली. पदर ओढेपर्यंत… सगळं दिसत होतं.

… थांब, अजून आहे. तेही चाललं असतं. पण मी पुढचं वाक्य बोलायला गेले आणि काहीच नाही. वेढा कुणी घातला, किती दिवस चालला, गडावर कोण होतं, सगळं पुसलेलं. फळ्याकडं बघितलं तर माझंच अक्षर, आणि मला वाचता येईना. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग ती क्रांती, कळंब्याची, पुढं बसते ती… उठली, स्वतःची ओढणी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि परत जाऊन बसली. एक शब्द नाही बोलली. मी ओढणी गुंडाळली आणि वेढा तसाच टाकून घरी आले.

… ओढणी अजून इथंच आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवलीय. परत द्यायचा धीर होईना.

… हो, म्हणून डोकं दुखतंय म्हणून रजा टाकली. तेव्हापासून लिहितीय तो कागद. ही झोपली की एक ओळ, उठली की खोडायची. तुला गंमत वाटेल, पण तारखेची जागा प्रत्येक वेळी सोडलेली होती मी. शेवटी घालू म्हणून.

… भीती? हो. तीच. परत तिथं उभी राहिले आणि परत पुसलं गेलं तर? ते चाळीस चेहरे… दूध दिसल्याची लाज गेली निशी, चार दिवसांत गेली. पण ते कोरं होणं…

… कोण काय बोललं? … कुणीच नाही? … मला नाही पटत. चाळीस पोरं आहेत, आठ दिवस झाले, तू रोज त्यांचा तास घेतेस, आणि तुझ्या कानावर काहीच नाही? कोल्हापुरात? इथं शिंकलं तर रंकाळ्यापर्यंत कळतं.

… तू विचारलंस त्यांना? … 'मॅडमना बरं नव्हतं.' एवढंच? … हसणारा पण काही बोलला नाही?

… एकानंही नाही.

… नाही, रडत नाहीये. पडसं आहे.

… काय म्हणालीस? … स्पीकर? … कुठला स्पीकर?

… निशिगंधा. … कधीपासून? … 'दोन्ही हातांनी कागद धरून वाचत होते म्हणून लावला, बंद करायचा राहिला.' अगं बाई… म्हणजे हे सगळं… सर?

… कपाटाच्या पलीकडं गेले. कधी? … 'पान्हा' म्हटल्यावर. कानावर हात ठेवून. … अजून तसेच उभे आहेत? त्यांना हात काढायला सांग गं कुणीतरी.

… मॅडमना कशाला देतेस, नको, निशी, नको…

… हो, मॅडम. … नमस्कार. … हो. … हो, ते सगळं खरं आहे. … होय, प्रत्यक्ष घडलेलं. … साक्षीदार चाळीस, हो.

… मूळ साधन चालेल. … पण निष्कर्ष? … निघत नाही. … एका घटनेवरून नाही निघत, हो मॅडम. आम्हीच शिकवतो ते पोरांना.

… तुमचंही असंच झालं होतं? … कधी? … तुमच्या थोरल्याच्या वेळी. … मग तुम्ही काय केलंत? … पुस्तक छातीशी धरून उरलेला तास घेतलात. … आणि कुठलं प्रकरण शिकवलंत ते आजतागायत आठवत नाही. … मॅडम, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. … कुणी विचारलं नाही. खरं आहे.

… सर काय म्हणतायत? … रोज अडीच ते तीन खोली माझी, दूध काढायला. आतून कडी लावायची. सर व्हरांड्यात पेपर तपासत बसतील. … आणि कुणी आलं तर? … 'बैठक चालू आहे' म्हणून सांगतील. बैठक कसली म्हणून विचारलं तर? … 'गोपनीय.' सर सांगतील तसं, मला माहीत आहे.

… एकमतानं? तुमचं आणि सरांचं? मॅडम, याची नोंद करा कुठंतरी.

… हो, पण कागद? … तो फाडून टाका ना. … हो, विसरले. आपल्या विभागात कागद फाडत नाहीत. … आणि सर म्हणतात फोनवरचं चालणार नाही, मागं घ्यायचा तोही मी स्वतः येऊन, स्वतःच्या सहीनं, चारच्या आत. … नाही आले तर डाकेला जाईल. … तुम्ही सही करणार? … केलीत? मॅडम. … कारण मिळालं, तारीख आवक शिक्क्याची धरायची. … हक्क तो हक्क. … कळलं.

… सव्वातीनला. … आज? तिसरं वर्ष? … मॅडम, उद्यापासून आले तर… आज तयारी नाही. … हो. … हो, निशीला द्या.

निशी, त्या एकदा नाही म्हणाल्या की दगडाला पाझर फुटेल पण त्यांना नाही. सव्वातीनचा तास आजच घे म्हणतात. पावणेतीन वाजलेत. अंगावर गाऊन आहे माझ्या. मंगळवार पेठेतनं निघायचं म्हणजे… आणि हिला उठवून पाजायचं, आणि… मला नाही जमणार गं. परत तसंच झालं तर? तू सांग ना त्यांना…

… थांब जरा. दारात आई आहेत.

… आई, कधीपासून उभ्या आहात? … निशी, त्यांनी सगळं ऐकलंय. … नाही आई, तसं नव्हे. तुम्हाला सांगायचं नव्हतं असं नाही… म्हणतायत, 'मला इचारायचं न्हाईस व्हय?'

… थांब, ऐक हं, त्या काय सांगतायत. … उदयच्या वेळी? … पहाटे गोठ्यात धार काढायला बसायच्या, म्हैस पान्हा सोडायची आणि यांचीही चोळी भिजायची. … 'तिकडं चरवी भरायची आनि हिकडं मी.' … हो आई, हसतीये ती, ऐकू येतंय मला. … मग काय करायचात? … जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या. … आई, ते इतक्या वर्षांनी अजून ठेवलंय तुम्ही?

… निशी, त्यांनी पेटी उघडलीय. … कात्री घेतली. अगं, चार घड्या करून देतायत, टाके घालतायत. मला म्हणतायत, 'साडी जांभळी नेस. जांभळ्यावर काय दिसत न्हाई.'

… नाही, आई, पण मुद्दा तो नाही. मला आठवलं नाही तर? … ऐकलंस? 'न्हाई आठवलं तर वही बघ. म्हशीला काय वही हाय?'

… निशी, फोन ठेवू नको, मी साडी काढते. … बोल तू, ऐकतीये. … हं. … हं. … पोरांना अजून सांगितलं नाहीस ना मी येतीये? सांगू नको. तू जाऊन बस वर्गात, मी आले की उठ. … नाही, मागच्या बाकावर बस. समोर बसलीस तर मी तुझ्याकडंच बघून बोलेन.

… आई, तिला का उचलताय? आत्ता झोपलीय ती. … कुठं? … आई, तुम्ही पण? … 'व्हरांड्यात बसतो आम्ही. तुझे ते मास्तर हाईत न्हवं सोबतीला.' … अगं निशी, सरांना सांग, आमच्या आई येतायत. आणि त्यांच्याशी हक्काबिक्कावर वाद घालू नका म्हणावं, हरतील.

… नेसले. … हो, जांभळीच. … ओढणी पिशवीत घेतली. … पिन लागेना गं. … लागली.

… नाही, भीती गेली नाही. येतीये बरोबर. येऊ दे.

… काय?… कळत नाही, खालून हॉर्न वाजतोय. थांब, खिडकीतनं बघते. … अगं, आई रिक्षात बसल्या सुद्धा. पोर टक्क जागी, रिक्षावाल्याचा कान धरून बसलीय, आणि आई त्याला विद्यापीठाचा रस्ता सांगतायत, आयुष्यात कधी गेलेल्या नाहीत तरी. … ठेवते निशी, ठेवते. नाहीतर या दोघी मला इथंच सोडून तासाला जातील.