सोमवार, बुधवार, शुक्रवारची पानं

लेक : आई, तो फोन दे इकडे. बाबांचं पुस्तकांचं खातं आज बंद करून टाकू. किती दिवस टाळणार?

आई : बंद नको करूस. ह्यांचं पुस्तक अर्धं राहिलंय.

लेक : बाबांना जाऊन तीन आठवडे झाले, आई.

आई : मला मोजता येतं. तरी सांगते, ते वाचतायत.

लेक : काय बोलतेस तू!

आई : आधी ऐकून घे. मी ह्यांच्या फोनवर तेच पुस्तक वाचायला घेतलंय, अगदी पहिल्या पानापासून. उघडलं की दर वेळी तो विचारतो, 'दुसरीकडे तुम्ही अमुक पानावर आहात, तिथे जायचं का?' मी 'नको' दाबते. पण तो आकडा वाढतो गं. सोमवारी दोनशे चौसष्ट होता. आत्ता जेवण झाल्यावर बघितलं तर दोनशे ऐंशी.

लेक : काहीतरी बिघडलं असेल त्यात.

आई : वार बघून बिघडतं का काही? सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी आठ ते बारा. एरवी एक पान हलत नाही.

लेक : ही तर बाबांची डायलिसिसची वेळ.

आई : तेच म्हणते मी. चार वर्षं हेच वार. एका हाताला सुया, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हातात फोन, अंगठ्यानं पान सरकवायचं.

लेक : मी किती मागे लागले होते, वाचायचं वेगळं यंत्र घेऊन देते म्हणून.

आई : 'खिशात फोन आहे, त्यात अख्खं कपाट मावतं, आणखी लोढणं कशाला?' म्हणायचे. अक्षरं एवढी मोठी करून ठेवलीत, पानावर जेमतेम पाच-सहा ओळी.

लेक : आई, सकाळी खुर्चीवर बाबांचा स्वेटर होता. तू काढून ठेवलास?

आई : त्या डायलिसिसच्या खोलीत थंडी वाजते त्यांना.

लेक : असं नको ना करूस. दे तो फोन. हे बघ, खातं कुठे कुठे उघडलंय ते इथे दिसतं. एक हा फोन. आणि दुसऱ्याला बाबांनीच नाव दिलंय, 'ड्रायव्हरकाका'. हे कोण?

आई : ह्यांच्या शेजारच्या बेडवरचे. जन्मभर बस चालवली बिचाऱ्यांनी, आता साखरेनं नजर गेली. पण त्यांना दिसतच नाही, ते काय वाचणार?

लेक : नंबर आहे ह्यात. लावते.

आई : नको लावूस.

लेक : का?

आई : ते वाचत असतील, तर मग हे वाचत नाहीत.

लेक : राहू दे, नाही लावत.

आई : नाही, लाव. स्पीकरवर टाक.

(बराच वेळ रिंग वाजत राहते.)

ड्रायव्हर : क… कोण बोलतंय?

लेक : काका, मी मास्तरांची मुलगी. आईपण आहे इथे.

ड्रायव्हर : अरे देवा. माझा फोन नाव बोलून दाखवतो, ताई. मास्तरांचं नाव बोलला. उचलायला हातच होईना.

आई : भाऊ, ह्यांचं पुस्तक तुमच्याकडे आहे का?

ड्रायव्हर : आहे, वहिनी. तुम्हाला न विचारता चालवतोय, चूक झाली. मास्तरांनीच माझ्या फोनवर घालून दिलं होतं. एक बटण दाबलं की फोन वाचून दाखवतो. म्हणाले, 'एखाद्या दिवशी मी नसलो तर तुमचं अडायला नको.'

आई : आणि ते असताना?

ड्रायव्हर : ते मोठ्यानं वाचायचे, मी ऐकायचो. फोनचं वाचणं म्हणजे नुसती भरधाव गाडी, कुठं दम घेणं नाही. मास्तर बरोबर थांबायचे.

आई : आम्हाला बाहेर बसवायचे. हे कधी बोलले नाहीत मला.

ड्रायव्हर : थोडं थोडंच ऐकतो मी, वहिनी. मशीनवर असतानाच. चटकन संपू नये म्हणून.

आई : त्या दिवशीही वाचत होते का?

लेक : आई, झोपेत गेले बाबा. सांगितलं ना तिथल्या लोकांनी.

आई : मी भाऊंना विचारतेय.

ड्रायव्हर : झोपेत नाही, ताई. वाचता वाचता थांबले. मला कुठं दिसतंय? वाटलं, पान सरकवतायत. मी आपला वाट बघत पडलो. मग म्हटलं, 'पुढं?' परत म्हटलं, 'मास्तर, पुढं?' सिस्टर धावत आल्या तेव्हा कळलं. थांबल्याबरोबर हाक मारली असती तर… तेच डोक्यात फिरतं. म्हणून तुमच्या दारात यायची हिंमत झाली नाही.

आई : तुम्ही शेजारी होतात, भाऊ. मी बाहेर बाकावर बसून ह्यांच्या स्वेटरची तुटलेली बटणं शिवत होते.

ड्रायव्हर : वहिनी…

आई : कुठल्या वाक्यावर थांबले?

ड्रायव्हर : 'त्यानं दाराला कडी घातली, पिशवी उचलली आणि'. त्या 'आणि'वर.

आई : मी अजून तिथवर पोचले नाही. पुढे काय आहे?

ड्रायव्हर : मी नंतर ऐकलं. खास काही नाही हो. 'आणि तो दूध आणायला निघाला.' एवढंच. साधं वाक्य आहे.

आई : साधंच असू दे. पुन्हा म्हणा. पहिल्यापासून.