थोरलीचा ताबा

नाही, पण तुम्हीच सांगा, संध्याकाळ व्हायला आली आणि माझ्याकडे बोंबलत कोणीच आलं नाही, हे काय बरं लक्षण आहे? मला तर तिथेच खटकलं. एरवी कसं, कॉम्प्युटर लावायचा अवकाश, की ओळ लागलेलीच. 'ताई, फुटलं!' 'ताई, माझंही फुटलं, दुसरं आहे का?' 'ताई, कालच नेलं होतं हो, दोघांनी वळणावर गाठलं, चुरा झाला चुरा!' आणि त्या दिवशी? चिटपाखरू नाही! दुकानात माझी जहाजं आपली रांगेत उभी, चकचकीत, नवऱ्यामुलाची वाट बघत बसल्यासारखी. म्हटलं, मेले की काय सगळे? आणि मग लक्षात आलं, की कोणीच मेलं नव्हतं. हीच तर पंचाईत होती!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. आईला वाटतंच. तर हा एक खेळ आहे, इंटरनेटवरचा. आकाश, तारे, जहाजं, लढाया, सगळं काही. पण त्यात मेख अशी, की एकही जहाज आयतं मिळत नाही. कोणीतरी खाण खणतं, कोणीतरी धातू गाळतं, कोणीतरी पत्रे ठोकतं, आणि शेवटी माझ्यासारखं कोणीतरी गोदीत बसून ते सगळं जोडतं. माणसंच बांधणार, माणसंच नेणार, माणसंच फोडणार. आणि फुटलं की फुटलं, कंपनी भरून देत नाही. यायचं परत माझ्याच दारात! म्हणजे मी बांधलेलं टिकलं तर माझं दुकान बसलं, आणि फुटलं तर माझा जीव तुटतो. सांगा, असा धंदा कोणी करेल? मी केला. पदवी झाली होती, नोकरीचे अर्ज गेले होते, उत्तरं यायची होती, घरात दिवसभर मी आणि आई. मी मुळात भित्री. फोन वाजला की दचकते, वाजायचा थांबला की का थांबला म्हणून दचकते. पण गोदीत बसलं की भीती कुठल्या कुठे पळते माझी. लढाईतलं मला ओ की ठो कळत नाही, सांगून ठेवते. मी नुसती बांधते हो!

तर झालं काय, आमच्या टोळीला एक सेनापती आहेत. खेळात सेनापती, बाहेर दाताचे डॉक्टर. आवाज असा भारदस्त, की 'शुभ सकाळ' म्हणाले तरी वाटतं कुठेतरी चढाई ठरली. त्यांनी एक दिवस सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "मंडळी, किती दिवस ही चिल्लर जहाजं उडवायची? आपण थोरली बांधू!"

थोरली म्हणजे थोरलीच. एवढं मोठं जहाज, की त्याच्या सावलीत माझी सगळी गोदी मावावी. सगळे 'बांधू, बांधू!' करून नाचले. आणि मग सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अहो, पण…" माझं 'अहो पण' आजवर कोणी पूर्ण ऐकलंय?

मग सगळी टोळी कामाला लागली. त्यातही खाणवाले काका. काका निवृत्त आहेत, काकू गेल्यापासून घरात एकटेच. सकाळी आठवणीने खाणीत हजर. 'बाळ, आज चांगला माल लागला बघ. बाळ, थोरलीच्या नाकाला हा लाव, हा जरा लखलखीत आहे.' आता लोखंडाला कसली आली लखलख, सगळं लोखंड सारखंच दिसतं त्या खेळात! पण मी आपली म्हणायची, 'हो काका, नाकालाच लावते.' आणि लावायचीसुद्धा! कुठलं कुठं गेलं कोणाला कळणार होतं, पण मीच लक्षात ठेवायची. काका विचारायचे, 'निघेल तेव्हा मला दाखवशील ना?' म्हटलं, काका, तुमच्याशिवाय निघणारच नाही.

बांधली. महिनोन्महिने खपून बांधली. आणि जिथे सगळं संपायला हवं, तिथे माझं नशीब सुरू झालं.

तुम्हाला सांगते, त्या खेळात एक नियम आहे. कोणी केलाय त्याला एकदा भेटायचंय मला. लहान जहाज बंदरात लावता येतं. थोरली कुठल्याच बंदरात मावत नाही! मग ठेवायची कुठे? तर कोणीतरी तिच्यात बसून राहायचं. बसणाऱ्याने खेळ बंद केला की त्याच्यासकट थोरली गायब, सुरक्षित. बसणारा आला की थोरलीही आली. पण तो उतरला, की येईल जाईल तो तिच्यात बसून घेऊन जाणार! आणि गोदीतून बाहेर काढताना आत कोण होतं? मी! म्हणजे मी बसले ती बसले. उतरायची सोय नाही. आणि उतरल्याशिवाय गोदीत जाता येत नाही, गोदीत गेल्याशिवाय दुसरं काही बांधता येत नाही. सांगा आता! मी नुसती बांधते हो, आणि मला बांधताच येईना!

सेनापती म्हणाले होते, "दोन दिवस सांभाळ, मी येऊन ताबा घेतो." दोन दिवसांनी म्हणाले, "एका पेशंटची अक्कलदाढ अडलीय." मग मुलीची परीक्षा. मग दवाखान्यात रंगकाम. मग… मग फोन उचलेनातच. मी मेली आधीच फोन करायला घाबरणारी; मनात तीनदा घोकून नंबर लावायचा, आणि तिकडून ती बाई, गोड आवाजात, 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती…' अगं हो गं बाई, माहीत आहे, ती व्यक्ती मलाही माहीत आहे!

आणि इकडे थोरलीचा दरारा असा बसला, की पलीकडची टोळी आमच्या वाटेला फिरकेना. आमची पोरंही लढेनात. "थोरलीला काढायला लागलं तर? आणि ती फुटली तर? नको रे बाबा!" सगळीकडे शांतता. तुम्ही म्हणाल, छानच की! अहो, छान कसलं! काही फुटत नाही, म्हणून जहाजं नकोत. जहाजं नकोत, म्हणून पत्रे नकोत. पत्रे नकोत, म्हणून लोखंड नको. कंटाळून पोरं एकेक करून दुसऱ्या खेळात गेली. आणि काका सकाळी येऊन नुसतेच विचारायचे, 'बाळ, काही लागतंय का?' काय सांगू त्यांना? म्हणायची, 'बघते काका.' मग दोन दिवसांआड यायला लागले. मग आलेच नाहीत. आमचं एवढं बोलणं रोजचं, पण त्यांचं घर कुठे, नंबर काय, काही ठाऊक नाही. टोळी मोडली, की काका हरवलेच की हो माझे! मला रात्रंदिवस तोच घोर.

आई म्हणाली, "तोंड का उतरलंय? कुठल्या कंपनीने नाही म्हटलं का?"

म्हटलं, "नाही गं, शांतता आहे."

आई म्हणाली, "मग बरंच आहे की."

आता हिला काय समजावू!

शेवटी सेनापतींचा निरोप आला. फोन नाही, निरोप. 'रविवारी दुपारी नक्की. तू दिवा लाव आणि फोन कर, मी लगेच येतो.' दिवा म्हणजे दूरच्या जहाजाला वाट दाखवायची खूण. तो एकदा लावला, की विझेपर्यंत आपलं जहाज जागचं हलत नाही. मी सगळ्यांना कळवलं, आज थोरली निघणार. काकांनाही लिहून ठेवलं, 'काका, या हं.' आणि काका आले! आपलं जुनं खटारा मालवाहू जहाज घेऊन, सगळ्यात पुढे. 'नाक छान दिसतंय बाळ.' मला भरून आलं. आणि भरल्या डोळ्यांनी मी दिवा लावला.

आता तो दिवा फक्त आपल्या माणसांना दिसेल असाही लावता येतो. अहो, पण बटणं शेजारीशेजारी आहेत! एक 'आपल्यांना', एक 'सर्वांना'! आणि मी मेली रडत होते ना!

आला. पलीकडच्या टोळीचा एक आला. लांब उभा राहून बघत बसला. मग दुसरा. मग झुंडच्या झुंड! मी सेनापतींना फोन लावतेय, ती बाई बोलतेय, आणि समोर गर्दी वाढतेय. पण गंमत बघा, मारेना कोणीच! थोरलीला सगळे टरकून. नव्या घराच्या वास्तूला आल्यासारखे घिरट्या घालतायत. त्यांचा म्होरक्या, गोगलगाय म्हणतात त्याला, तो अदबीने विचारतो, "तुम्हीच बांधलीत का हो? फिनिशिंग फार सुरेख आहे."

मी म्हटलं, "थँक्यू." काय म्हणणार दुसरं?

तो म्हणाला, "चालवणार कोण?"

मी म्हटलं, "येतायत, वाटेत आहेत." आणि टेबलाखाली सेनापतींना परत फोन. 'आपण ज्या व्यक्तीशी…'

तेवढ्यात माझं लक्ष गोगलगायीच्या जहाजाकडे गेलं. ती शेपटीची घडण ओळखीची वाटली हो! म्हणून नीट बघायला मी त्यावर टिचकी मारली. पाहते तर काय, बांधणी माझीच! बाजारात कधीतरी विकलेलं. किती जपून ठेवलं होतं, एक ओरखडा नाही! मला इतकं बरं वाटलं… पण मला काय माहीत, की थोरलीतून कोणावर टिचकी मारली की तोफा त्याच्याकडे वळतात? मी नुसती बांधते हो!

आणि दारावरची बेल वाजली.

कर्कश्श! दुपारच्या शांततेत! मी अशी उडाले, अशी उडाले, की हाताचा पंजा सगळाच्या सगळा कीबोर्डवर! थोरलीच्या पोटातून काहीतरी गडगडलं, पडदा पांढरा झाला, आणि गोगलगाय होती तिथे नुसता धूर. बाहेरून आईचा आवाज, "अगं, मीटर बघायला आलेत, स्टूल आण जरा!"

स्टूल? आई, इकडे युद्ध पेटलं!

आमच्यातलं कोणीतरी ओरडलं, "ताईने मारलं! ताईने मारलं रे!" असा जल्लोष, असा जल्लोष! पलीकडून आरोळी, "दगा! दगा!" आणि सगळे सगळ्यांवर तुटून पडले. मी लिहितेय, 'चुकून, चुकून, बेल वाजली!' कोण वाचतंय? मला पळताही येईना, दिवा जळतोय! पुढची तोफ कुठल्या बटणाने उडते तेही माहीत नाही. मघाशी पंजा नक्की कशावर पडला ते आठवून आठवून दाबत होते, तर थोरलीचे बाहेरचे दिवे लागत विझत होते. एका हाताने फोन. आईने स्वतःच स्टूल नेलं. तो मीटरवाला जाताना दारातून डोकावला आणि पडद्याकडे बघून म्हणाला, "लई मार खातंय हो तुमचं."

म्हटलं, "दिसतंय मला!"

आणि गेली. थोरली गेली. आधी शेपूट, मग पोट, सगळ्यात शेवटी नाक. एवढ्या माणसांच्या एवढ्या महिन्यांचं… आंघोळीला लागतो तेवढ्या वेळात गेलं. मी एका टीचभर होडीत बाहेर फेकले गेले आणि भोवती नुसते पत्रेच पत्रे. रडू फुटणार, एवढ्यात टिंग. टिंग, टिंग, टिंग! 'ताई, फुटलं, दुसरं द्या!' 'ताई, मलाही!' जे सोडून गेले होते ते परत! आणि सगळ्यांच्या वर, अहो, साक्षात गोगलगाय! 'मघाशी तुम्ही माझं उडवलंत. राग नाही. तसंच एक मिळेल का?'

आणि काकांचं आलं. मला उघडायचा धीर होईना. त्यांच्या नाकासकट गेली होती ना! शेवटी उघडलं. 'बाळ, किती लोखंड लागेल? उद्या सकाळपासूनच लागतो. उगीच घरी बसून होतो.'

आता यावर हसायचं का रडायचं, मला सांगा! मी दोन्ही केलं. आई म्हणाली, "कॉल आला का कुठून?"

पण सेनापतींना सांगायला तर हवं! त्यांची थोरली, त्यांचा हुकूम, आणि माझ्या पंज्याने मातीत गेली. काय बोलायचं ते घोकलं, 'सर, एक वाईट बातमी आहे.' नंबर लावला. म्हटलं, बोलेलच आता ती बाई. तर पहिल्या घंटीला, अहो, घंटी पुरती वाजलीसुद्धा नाही, फोन उचलला! मी इतकी दचकले, की घोकलेलं सगळं विसरले. "सर… सर, ती… थोरली… माझ्याकडून…"

तिकडून सेनापती, एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, म्हणाले, "गेली ना? नक्की गेली? तिच्यात आता कोणाला बसून राहावं लागणार नाही ना?"

म्हटलं, "नाही सर."

"हां," म्हणाले, "मग बोल. आता मी अगदी मोकळा आहे."