सर्वांची एकच पाटी

यंत्र खोटं बोलत नाही, यावर निवृत्त प्राध्यापकांची श्रद्धा होती. तपासणी केंद्राच्या बाकावर शेजारच्या दोन इंजिनिअरांचं बोलणं कानावर पडेपर्यंत ती टिकली.

"ताई, सर्व्हर एकाच पाटीवर सगळ्या पेशंटचे नंबर लिहितो. एकाचा लिहून रिपोर्ट काढायला जाईपर्यंत दुसऱ्यानं रिपोर्टचं बटण दाबलं, की पाटीवर दुसऱ्याचा नंबर."

"म्हणजे पहिल्याला दुसऱ्याचा रिपोर्ट? अरे, तू चाचणी केली होतीस ना?"

"केली की. एकट्यानं."

"धन्य आहेस. पण दोघं एकाच क्षणी बटण दाबतात कशाला?"

"'रिपोर्ट तयार आहे' हा मेसेज आपणच सगळ्यांना एकदम पाठवतो."

ताईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"आता प्रत्येकाला वेगळी पाटी देतोय. संध्याकाळपर्यंत होईल."

"आणि आतापर्यंत गेलेले?"

"ते गेले."

प्राध्यापकांनी घसा खाकरला. "अहो ताई, मेसेज आल्या आल्या मी माझा रिपोर्ट उघडला. गाठ साधी आहे म्हणतोय. मुलीला कळवूनही टाकलं. वर नाव माझंच आहे."

"काका, नाव लॉगिनवरून छापलं जातं. पाटीवरून येतो तो खालचा मजकूर."

"मग माझी गाठ कुठली?"

"मूळ कागद खिडकीवर मिळेल, काका."

खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होती.