उपटायला सोपे खिळे

खिळ्यांवरनं आठवलं बघा. लातूर जिल्हा नवाच झालेला, पावसाचा पत्ता न्हाई, अन् मी निलंग्यात बापाच्या हार्डवेअर दुकानात माश्या मारीत बसलेलो. तेवढ्यात शेजारच्या गावची गंगाबाई मावशी आली. दारातल्या आटलेल्या आडात तिची शेळी पडली होती, म्हणून आडावर वासे टाकून फळ्या ठोकायच्या होत्या.

मी म्हणलं, "तीन इंची न्या. वर बैल उभा राहिला तरी फळी हलायची न्हाई."

"तसले नको, बाबा. उपटायला सोपे दे."

माझं डोस्कं फिरलं. "मावशी, आखूड खिळा धरत न्हाई. आज शेळी पडली, उद्या लेकरू पडंल. अन् उपटायचेच तर ठोकता कशाला?"

"मग पाणी आल्यावर फळ्या फोडू का?"

खिळे तीन इंचीच दिले, पण संगं ते उपटायला दुकानातला अंबूरही दिला. "पाणी लागलं की आणून द्या."

बाप लई भडकला. "गेला अंबूर!"

पुढच्या पावसाळ्यात मावशी दुकानात हजर. एका हातात अंबूर, दुसऱ्या हातात तांब्या.

"पहिला तांब्या महादेवाला घातला," म्हणली. "हा दुसरा. पी."