पाण्यानं जावं कुठं?

तुमी म्हणता, आपला मिस्त्री लय हुशार. हाय, मी कुठं न्हाई म्हणतो? पण माझ्या ट्रकचं ऐका.

इंजिनात परत जाणारा धूर थंड करायला एक छोटा कूलर असतो, त्यातून रेडिएटरचं पाणी फिरतं. माझा गळायला लागला. ताडकळसच्या मिस्त्रीनं तो काढूनच टाकला आणि पाण्याच्या दोन्ही नळ्यांच्या तोंडात बोल्ट ठोकून पट्ट्या आवळल्या. म्हणाला, "जा आता बिनघोर."

परभणी ओलांडून झरीजवळ आलो, तर इंजिनच्या गरमीचा काटा लालमध्ये. ट्रक सोयाबीननं भरलेला, इंजिन जाम व्हायचंच बाकी होतं. शेजारी एक मावशी उसाला पाणी देत होत्या. कॅन घेऊन गेलो, काय झालं ते सांगितलं.

त्या फावड्यावर हात टेकून म्हणाल्या, "दोन्ही तोंडं बुजवली? मग पाण्यानं जावं कुठं? मी एक सरी बुजवायच्या आधी दुसरी फोडते, न्हाई तर पाण्याचा दंड फुटतोय."

मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. तो भडकला. "वीस वर्षं इंजिन खोलायलोय. मला कोण शिकवायलंय?"

मी फोन स्पीकरवर टाकून मावशींच्या हातात दिला. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या रानात पाणी कोण देतंय?"

"बायको."

"मग तिला विचारा," म्हणाल्या, फोन मला दिला आणि सरीकडं वळल्या.

दहा मिनिटांनी मिस्त्रीचा फोन आला. "हलू नको. दोन्ही नळ्या एकमेकीला जोडायला रबरी पाइपाचा तुकडा घेऊन निघालोय."

फोनमध्ये त्याच्या मागं कुणीतरी बाई हसायली होती.